रॅम 64 जीबी, वापर 128 एमबी

नव्या सर्व्हरवर पोस्टग्रेस बसवून सेटिंगला हातच लावला नाही, तर ‘शेअर्ड बफर्स’ला मिळतात अवघे 128 एमबी, मग रॅम 64 जीबी का असेना. सर्व्हर फक्त डेटाबेससाठीच असेल तर सुरुवातीला पाव हिस्सा, म्हणजे 16 जीबी द्यावेत आणि रीस्टार्ट करावं.

‘वर्क मेम’ मात्र जपून वाढवावी. मूळ 4 एमबीची ही मर्यादा प्रत्येक सॉर्टला स्वतंत्र लागू होते. ती 256 एमबी केली आणि 100 कनेक्शनांनी एकाच वेळी एकेक मोठा सॉर्ट लावला, की 25 जीबी फस्त! ‘एक्स्प्लेन अ‍ॅनालाइझ’मध्ये ‘एक्स्टर्नल मर्ज’ दिसलं, तर सॉर्ट मेमरीत न मावता डिस्कवर गेला असं समजावं.

प्रोसेसरचंही तसंच: 32 कोर असले, तरी मूळ सेटिंगमध्ये समांतर क्वेरीच्या एका टप्प्याला मदतनीस मिळतात जास्तीत जास्त दोनच.