भेडाघाटचा संगमरवर, त्सो मोरिरीचा एक्लोजाइट : दाबाची साक्ष कोणत्या खनिजाची मानावी?

जबलपूरजवळ भेडाघाटला नर्मदेच्या दोन्ही काठांवर दिसणारा पांढरा संगमरवर मूळचा डोलोमाइटयुक्त चुनखडक. त्यात संगजिरेही सापडते. तिथे विकल्या जाणाऱ्या कोरीव वस्तू बऱ्याचदा याच मऊ दगडाच्या असतात. डोलोमाइट, क्वार्ट्झ आणि पाणी यांच्या अभिक्रियेतून संगजिरे व कॅल्साइट तयार होते, कार्बन डायऑक्साइड निघून जातो. त्यामुळे संगजिऱ्यावरून तापमानाचा अंदाज बांधता येतो. दाबाचे काय?

येथे उत्तरपत्रिकेत हमखास चूक होते. उच्च दाबाखाली कॅल्साइटचे अ‍ॅरागोनाइट होते. या संगमरवरात अ‍ॅरागोनाइट नाही, म्हणून तो खोल गेलाच नव्हता, असे लिहिले जाते. निष्कर्ष बरोबर असला तरी कारण अपुरे आहे. वर येताना खडक गरम राहिला किंवा त्यात पाणी शिरले, तर अ‍ॅरागोनाइट सहज पुन्हा कॅल्साइट होते. म्हणून शेजारचे खडकही तपासावेत, विशेषतः बेसाल्टपासून बनलेले. थंड पण उच्च दाबाच्या स्थितीत त्यांत निळसर ग्लॉकोफेन येते. आणखी खोलवर प्लॅजिओक्लेज नाहीसे होऊन गार्नेट व ओम्फासाइट यांचा जड खडक, म्हणजे एक्लोजाइट, बनतो.

भारतात याचे उत्तम उदाहरण लडाखमधील त्सो मोरिरी परिसरात आहे. तेथील नाइसमध्ये एक्लोजाइटची भिंगे आहेत. त्यांच्या गार्नेटमध्ये कोएसाइट सापडल्याचे देहरादूनच्या वाडिया संस्थेतील संशोधकांनी 2001 मध्ये प्रसिद्ध केले. कोएसाइट हे क्वार्ट्झचेच उच्च दाबाचे रूप. त्याला सुमारे 27 किलोबार दाब, म्हणजे साधारण 90 किमी खोली लागते. सुमारे 5 कोटी वर्षांपूर्वी भारतीय भूखंडाची कड आशियाखाली इतकी खोल गेली होती, हे या सूक्ष्म कणांवरून कळते.

पण ते टिकले कसे? गार्नेट कडक असते. कोएसाइटचे क्वार्ट्झ होताना आकारमान वाढते, पण गार्नेट त्याला फुगू देत नाही, त्यामुळे आतला दाब चढाच राहतो. अखेर गार्नेटला अरीय भेगा पडतात. सूक्ष्मदर्शकाखाली आधी त्याच शोधा. शिवाय खडक वेगाने वर आला आणि बराचसा कोरडा राहिला. भिंगांच्या कडांना मात्र पाणी पोहोचले आणि तेथे एक्लोजाइटचे अ‍ॅम्फिबोलाइट झाले. म्हणून नमुना कडेचा नव्हे, भिंगाच्या मध्यातला घ्यावा.