पाटा चढवताना

सिल्वासाहून खानवेलमार्गे दुधनीकडे माल नेणारी पिकअप मागून बसू लागली की गॅरेजवाला म्हणतो, "एक पाटा चढवू." मागच्या स्प्रिंगच्या पाच सारख्या पाट्यांत सहावा घातला तर ताठरपणा साधारण २० टक्क्यांनी वाढतो. पाट्याची जाडीच दुप्पट केली, तर मात्र तो आठपट ताठर होतो. इथे जाडीचा घन लागतो. मग रिकामी गाडी उसळते आणि धक्के शॅकल, बुश, चासी यांच्या माथी येतात. माझं मत विचाराल तर आधी यू-बोल्ट आवळा. ते सैल पडले की पाटे सरकतात, सेंटर बोल्ट तुटतो, एक्सल तिरका बसतो. तुटलेला पाटा वेल्डिंगने जोडणं तर नकोच. त्या उष्णतेने पोलादाला दिलेलं पाणी बिघडतं आणि पाटा जोडाशेजारीच पुन्हा मोडतो.