सराफाच्या काट्यावरचे विमान

रोमानियातील स्लानिक या गावी जमिनीखाली सुमारे २०० मीटर खोल मिठाची एक जुनी खाण आहे. तिच्या ५० मीटरांहून उंच, निश्चल हवेच्या दालनांत ज्या विमानांच्या जागतिक स्पर्धा भरल्या आहेत, त्यांच्या पंखांचा विस्तार आजच्या नियमांप्रमाणे फार तर ५५ सेंटिमीटर, आणि रबर वगळून किमान वजन अवघे १.४ ग्रॅम, म्हणजे आपल्या सराफांच्या जुन्या मापाने जेमतेम दीड मासा. ०.४ ग्रॅम रबराच्या पिळावर हे विमान वीस मिनिटांहून अधिक काळ तरंगत राहते.

या छंदाकडे वळणारा नवशिक्या प्रथम विचारतो की, सामान मिळते कोठे. अनुभवी माणूस मात्र दुकानाच्या पत्त्याआधी काट्याची चौकशी करतो, आणि त्याचे कारण उड्डाणाच्या गणितात आहे. पंख तेच ठेवून वजन दुप्पट केले, तर विमान हवेत तोलून धरण्यास लागणारी शक्ती दुप्पट नव्हे, पावणेतीन पटींहून अधिक होते. पिळात साठविलेली ऊर्जा ठरावीकच असल्यामुळे उड्डाणाची मुदत त्याच हिशेबाने तिसऱ्या हिश्श्यावर येते.

मुख्य जिन्नस बाल्सा. इक्वेडोरच्या उष्ण व दमट प्रदेशात हा वृक्ष इतक्या झपाट्याने वाढतो की सहा-सात वर्षांत तोडीस येतो. त्याच्या पेशी मोठ्या, भिंती पातळ, आणि लाकूड वाळल्यावर आत राहते ती बहुतांशी हवा. परंतु एका वृक्षाचे लाकूड दुसऱ्यासारखे नसते, किंबहुना एकाच ओंडक्यातही भेद असतो: १ मिलिमीटर जाड, १० सेंटिमीटर रुंद व १ मीटर लांब अशी फळी ८ ग्रॅमची निघते, तशीच १६ ग्रॅमचीही. शिवाय कापाची दिशा पाहावी लागते. वाढीच्या वलयांना काटकोनात कापलेल्या फळीवर चकाकते ठिपके दिसतात; ती ताठ असते, म्हणून पंखांच्या बरगड्यांना योग्य. वलयांना समांतर कापलेली पातळ फळी ओली करून साच्याभोवती गुंडाळता येते, आणि तिचीच पोकळ नळी विमानाचा कणा होते.

पंखांच्या आवरणाची कथा त्याहून मनोज्ञ आहे. पूर्वी नायट्रोसेल्युलोजच्या द्रावणात लवचिकपणासाठी एरंडेलासारखे तेल मिसळून ते पाण्यावर सोडीत, आणि पसरलेला पापुद्रा चौकटीवर अलगद उचलीत. साबणाच्या फुग्यावर दिसतात तसे जे रंग त्यावर खेळत, त्यांवरूनच जाडीची पारख होई. आज पॉलिएस्टरचे अर्ध्या मायक्रॉनचे पटल विकत मिळते, आणि त्याच्या एका चौरस मीटरचे वजन सुमारे ०.७ ग्रॅम भरते. पाण्यावरची ती तसदी वाचली, पण नजरेची ती तालीमही संपली.

रबराची परीक्षा याहून कठीण, कारण ते डोळ्यांना काहीच सांगत नाही. एकाच कारखान्याचे, एकाच नावाचे रबर घाण्यागणिक निराळी ऊर्जा साठविते. ‘टॅन टू’ नावाच्या रबराचा मे १९९९ मधील घाणा तर जाणकारांनी वर्षानुवर्षे जपून ठेवला. म्हणून खरेदी करताना घाण्याची तारीख विचारावी, आणि रबर काळोखात, थंड जागी, हवाबंद ठेवावे. ऊन व ओझोन हे त्याचे वैरी.

मग तयार संच घ्यावा की नाही? अवश्य घ्यावा, पण मुख्यत्वे आराखड्यासाठी. ‘पेनी प्लेन’ या प्रकारात विमानाचे किमान वजन एका जुन्या अमेरिकी पेनीइतके, म्हणजे ३.१ ग्रॅम, जवळजवळ आपल्या आजच्या छोट्या रुपयाएवढे ठरविलेले असल्यामुळे नवशिक्यास ती मर्यादा पेलते. संचातील फळ्या एकेक तोलाव्या, आकडा पेन्सिलीने कोपऱ्यावर लिहावा, जड फळी मैदानात उडणाऱ्या एखाद्या दणकट विमानासाठी बाजूस ठेवून तिच्या जागी हलकी मागवावी. अशी आकडे लिहिलेली दहा-वीस फळ्यांची चळत जमली, म्हणजे सामान मिळाले असे समजावे. तोवर घरात आलेले असते ते केवळ लाकूड.