शहाळ्याचे पाणी आणि काळे पाणी

सहलीचा शेवटचा दिवस बहुतेक घरांत खरेदीत जातो. शेजारच्या काकूंना काय न्यायचे, ऑफिसातल्यांना काय न्यायचे, याची यादी निघते. पाय दुखत असतात, पिशव्यांच्या चेनी लागत नाहीत, आणि मुलांना अजून एकदा समुद्रात जायचे असते. अंदमानातला आमचा शेवटचा दिवसही असाच जायचा होता. तो तसा गेला नाही, म्हणून हे लिहिते आहे.

2020 च्या जानेवारीत आम्ही सहाजण गेलो होतो. मी, यजमान, नववीतली मुलगी, सहावीतला मुलगा, निपाणीहून माझे वडील आणि हुक्केरीहून सासूबाई. माझे माहेर मराठी, सासर कन्नड. मुले माझ्याशी मराठीत बोलतात, वडिलांशी कन्नडमध्ये, आणि आपसात भांडताना दोन्ही भाषांत. आपल्या भागात अशी घरे गल्लोगल्ली आहेत, त्यामुळे यात नवल काही नाही.

बेळगावहून रात्रीच्या राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने बेंगळूर आणि तिथून पुढे विमान. खाली निळे पाणी दिसू लागले तेव्हा मुलाने विचारले, "अजून किती?" चेन्नईपासून पोर्ट ब्लेअर साधारण 1370 किलोमीटर. त्यापेक्षा म्यानमारचा किनारा जवळ. सूर्यही तिकडे आपल्यापेक्षा सव्वा तास आधी उगवतो आणि मावळतो. घड्याळ मात्र आपलेच, त्यामुळे जानेवारीत पाच-सव्वापाचलाच संध्याकाळ होते. तिकडे जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे, नाहीतर दुपारी उशिरा निघून निम्मे ठिकाण अंधारात बघावे लागते.

पहिले पाच दिवस हॅवलॉक आणि नील या बेटांवर गेले. 2018 च्या डिसेंबरपासून त्यांची नावे स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप अशी झाली आहेत. राधानगर किनाऱ्यावरची पांढरी वाळू आणि पाण्यापर्यंत उतरलेली झाडी यांचे वर्णन पुष्कळांनी केले आहे, मी पुन्हा करत नाही. दादा, म्हणजे माझे वडील, विजारीच्या घड्या गुडघ्यापर्यंत करून लाटेत उभे राहिले. सासूबाईंनी जाईल तिथे शहाळी घेतली.

शेवटच्या दिवसाचा वाद

सहाव्या दिवशी पोर्ट ब्लेअर बघायचे आणि सातव्या दिवशी सकाळी विमान. सहल ठरवून देणाऱ्याने कार्यक्रमात सेल्युलर जेलला एक तास दिला होता, तोही खरेदीनंतर. आदल्या रात्री जेवताना वाद सुरू झाला. मुलीला नॉर्थ बेला जाऊन काचेच्या तळाच्या बोटीतून प्रवाळ बघायचे होते. तिथले दीपगृह जुन्या वीस रुपयांच्या नोटेवर छापलेले आहे, म्हणून मुलालाही तिकडेच जायचे होते. यजमानांना आराम हवा होता. सगळ्यांचे बोलून झाल्यावर दादा म्हणाले, "मला तेवढा तुरुंग नीट बघू द्या. बाकी कुठं नेलं नाही तरी चालंल."

सहा दिवसांत त्यांनी मागितलेली ती पहिलीच गोष्ट. सासूबाई हसून म्हणाल्या, "ऐद दिन यळनीर, कडी दिन करिनीर!"

पाच दिवस शहाळ्याचे पाणी, शेवटच्या दिवशी काळे पाणी. आपण मराठीत काळ्या पाण्याची शिक्षा म्हणतो, कन्नडमध्ये तीच करिनीरिन शिक्षा. दोन्ही भाषांनी या समुद्राला एकच नाव दिले आहे, हे मला भाषा शिकवूनही तोवर सुचले नव्हते. वाद तिथेच मिटला. नॉर्थ बे आणि खरेदी दोन्ही रद्द झाले.

सकाळ

सकाळी आधी मानववंशशास्त्र संग्रहालयात गेलो. अंदमान म्हटले की आपल्याला तुरुंग आठवतो, पण ही बेटे मुळात ग्रेट अंदमानी, ओंगे, जारवा, सेंटिनेली या लोकांची. इंग्रज येण्याआधी ते इथे हजारो वर्षे राहत होते. इंग्रजांची वसाहत झाली, त्यांच्याबरोबर रोग आले, आणि ग्रेट अंदमानींची संख्या हजारांवरून काही डझनांवर आली. त्यांची एक भाषा होती, बो. ती बोलणारी शेवटची बाई, बोआ सीनिअर, 2010 च्या जानेवारीत वारली. शेवटची अनेक वर्षे तिच्या भाषेत तिच्याशी बोलणारे कोणीच नव्हते. मुलीने विचारले, "मग ती स्वतःशीच बोलायची?" भाषातज्ज्ञ अन्विता अब्बी यांनी तिचे बोलणे नोंदवून ठेवले आहे, एवढेच मी सांगू शकले. कोट्यवधी माणसे बोलतात अशा दोन भाषांच्या मधल्या गावातून आम्ही आलो होतो. तिथे उभे राहून ते जरा वेगळे वाटले.

आमचा ड्रायव्हर तिकडचाच. वडिलांचे घराणे केरळचे, आईचे आंध्रचे, घरात बोलतात ती हिंदी. बेटांवर सर्वांत जास्त घरांत बंगाली आहे, पण बाजारात सगळ्यांची हिंदीच. कैद्यांच्या वंशजांना तिथे 'लोकल बॉर्न' म्हणतात. "आजोबा कुठले, कुठल्या गुन्ह्यासाठी आले, कोणी विचारत नाही," तो म्हणाला. "सगळ्यांचेच आजोबा बोटीतून आले."

तिथून बोटीने रॉस बेटावर गेलो. याचे नाव आता नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. अंतर थोडे, बोट दहा-पंधरा मिनिटांची. इंग्रजांच्या काळात अंदमानचा कारभार या बेटावरून चाले. चर्च, बेकरी, चीफ कमिशनरचा बंगला, नाचाचे सभागृह असा सगळा थाट होता. 1941 च्या जूनमध्ये मोठा भूकंप झाला, 1942 मध्ये जपानी आले, आणि बेट ओस पडले. आता भिंतींना मुळांनी असे वेटाळले आहे की भिंत झाडाला धरून उभी आहे की झाड भिंतीला, कळत नाही. मधून हरणे आणि मोर फिरतात. मुलांना हे ठिकाण सर्वांत आवडले.

तुरुंग

दुपारी दोनच्या सुमारास सेल्युलर जेलच्या दारात उतरलो.

थोडा इतिहास सांगते, कारण पुष्कळांच्या मनात अंदमानची सजा आणि ही इमारत एकच असते. 1857 च्या उठावानंतर, 1858 च्या मार्चमध्ये दोनशे कैदी घेऊन पहिले जहाज इथे आले. तेव्हा तुरुंग नव्हता, समुद्र हाच तुरुंग होता. 1872 च्या फेब्रुवारीत शेर अली या कैद्याने व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांना इथेच भोसकून मारले. सेल्युलर जेलचे बांधकाम 1896 ला सुरू होऊन 1906 ला संपले. मधे मनोरा आणि त्यातून चाकाच्या आऱ्यांसारख्या निघालेल्या सात तीनमजली इमारती. जवळजवळ सातशे कोठड्या, एकेका माणसासाठी एकेक. बराकी नाहीत. कोठडीला इंग्रजीत सेल म्हणतात, त्यावरून हे नाव. प्रत्येक इमारतीच्या कोठड्यांची तोंडे पुढच्या इमारतीच्या पाठीकडे, म्हणजे समोर बघितले तर भिंत. कैद्याला दुसऱ्या कैद्याचा चेहरा दिसू नये, अशी सारी रचना. आज सातांपैकी तीनच इमारती उभ्या आहेत. पाडलेल्या भागाच्या जागी सरकारी इस्पितळ आहे. 11 फेब्रुवारी 1979 ला पंतप्रधान मोरारजी देसाई यांच्या हस्ते हे राष्ट्रीय स्मारक झाले.

अंगणात कोलू आहे. बैलाऐवजी माणूस जुंपून खोबऱ्याचे तेल काढायचे, दिवसाला तीस पौंड, म्हणजे साडेतेरा किलोंच्या वर. मुलाने दांड्याला हात लावून बघितला आणि काही बोलला नाही. मनोऱ्यात संगमरवरी पाट्यांवर कैद्यांची नावे प्रांतवार कोरली आहेत. त्यांत बंगालची यादी सर्वांत लांब. आपण मराठी माणसे इथे एकच नाव शोधत येतो, म्हणून हे मुद्दाम सांगते. 1933 च्या उपोषणात इथे तिघांचा मृत्यू झाला: महावीर सिंह, मोहनकिशोर नामदास, मोहित मैत्र. त्यांची नावे मी तरी शाळेत शिकले नव्हते.

सावरकर इथे 4 जुलै 1911 ला आले आणि 1921 च्या मे महिन्यात इथून हलवले गेले. थोरले बंधू बाबाराव त्यांच्या आधीपासून इथेच होते. 'ने मजसी ने' हे गीत इथे लिहिले, असे मुलीला वाटत होते. ते 1909 मध्ये इंग्लंडमध्ये ब्रायटनच्या किनाऱ्यावरचे आहे. सावरकरांच्या पुढच्या राजकारणाविषयी आणि इथून त्यांनी केलेल्या अर्जांविषयी मतमतांतरे आहेत. तो या लेखाचा विषय नाही. त्यांची कोठडी तिसऱ्या मजल्यावर अगदी टोकाला आहे. दादांचे गुडघे तेवढे जिने चढू देईनात. "तुम्ही जाऊन या," म्हणाले आणि तळमजल्यावरच्या एका उघड्या कोठडीत शिरले. आम्हीही मागोमाग गेलो.

साडेतेरा फूट लांब, सात फूट रुंद. मागच्या भिंतीत उंचावर एक झरोका. त्यातून समुद्राचा वारा येतो, समुद्र दिसत नाही. दाराची कडी बाहेर भिंतीत इतक्या लांब नेलेली की आतून हात पोचत नाही. दादांनी पावलांनी खोली मोजली आणि स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "हिंडलग्यातली याच्यापेक्षा मोठी होती. पण तिथं आम्ही बाराजण होतो."

आम्ही सगळे त्यांच्याकडे बघत राहिलो.

1958 च्या सीमा सत्याग्रहात ते पकडले गेले होते. वय अठरा. अकरा दिवस हिंडलगा जेलमध्ये होते. मला हे ठाऊक होते, पण माझे लग्न हुक्केरीच्या कन्नड घरात ठरले तेव्हापासून त्यांनी तो विषय कधी काढला नव्हता आणि मलाही काढू दिला नव्हता. माझे सासरे तरुणपणी कर्नाटक एकीकरणाच्या सभांना जात. इकडेही एकीकरण, तिकडेही एकीकरण. शब्द एकच, नकाशे दोन. 1 नोव्हेंबरला बेळगावात राज्योत्सवाची मिरवणूक असते आणि काळा दिनही असतो. त्या दिवशी आमच्या घरात सतरा वर्षे टीव्ही बंद ठेवायची रीत होती. कोणी घातली नव्हती, पडली होती.

दादा ओशाळले. सासूबाईंकडे वळून म्हणाले, "विहीणबाई, जुनी गोष्ट आहे. पोरवय होतं."

सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "नमग गोत्तित्तरी, बीगर." आम्हाला ठाऊक होते. मग त्यांच्या मराठीत पुढे सांगू लागल्या. सोयरीक ठरवण्याआधी सासऱ्यांनी निपाणीत चौकशी केली होती. "हे घरी येऊन म्हणाले, भाषेसाठी जेलला गेलेला माणूस आहे. त्याच्या मुलीला आपल्या घरात येऊन तिची भाषा सोड म्हणायचं नाही. कुणीच नाही. एवढंच."

लग्नानंतर मुलांशी मी मराठीत बोलते म्हणून मला कोणी एका शब्दाने टोकले नव्हते. मी ते माझे नशीब समजत होते. ती एका माणसाची ताकीद होती आणि तो माणूस जाऊन आठ वर्षे झाली होती. आभार मानायचे राहून गेले.

मुले आणि यजमान वर जाऊन सावरकरांची कोठडी बघून आले. मी खाली थांबले. दादा आणि सासूबाई अंगणात बाकावर बसले होते. संध्याकाळी तिथेच प्रकाश आणि ध्वनीचा कार्यक्रम बघितला. अंगणातला पिंपळ तुरुंगाची गोष्ट सांगतो, अशी त्याची कल्पना. दादांना हिंदी निवेदन सगळे कळले नाही, मधूनमधून ते मुलीला विचारत होते.

जाणाऱ्यांसाठी

बहुतेक जण पहिल्याच दिवशी तुरुंग उरकतात. माझे मत असे की तो शेवटी बघावा. पाच दिवस त्या पाण्यात खेळून झालेले असले, की तेच पाणी भिंत म्हणून कसे वापरले, हे जास्त समजते. पूर्ण दुपार राखून ठेवा. रॉस, तुरुंग आणि संग्रहालय यांच्या साप्ताहिक सुट्या आधी विचारून घ्या. वयस्क माणसांना जिने चढवत नसले तरी तळमजल्यावर पुष्कळ बघता येते. प्रवाळाचा तुकडा किंवा किनाऱ्यावर वेचलेले शंख-शिंपले परवानगीशिवाय आणता येत नाहीत, विमानतळावर सामान तपासतात. आमच्या मुलाच्या खिशातून एक तुकडा निघाला, तो तिथेच ठेवावा लागला. आणि पत्ता शोधताना लक्षात ठेवा, 2024 च्या सप्टेंबरपासून पोर्ट ब्लेअरचे नाव श्री विजयपुरम झाले आहे.

परत आल्यावर एका रविवारी वेंगुर्ला रस्त्याने जाताना दादांनी हिंडलगा जेलपाशी गाडी हळू करायला सांगितली. शेकडो वेळा आम्ही तिथून गेलो होतो, काचेतून बाहेर कधी बघितले नव्हते. 1950 मध्ये एप्रिल ते जुलै सावरकरांनाही इथे स्थानबद्ध ठेवले होते, स्वतंत्र भारताच्या सरकारने. मी मुलांना ते सांगितले. मुलगा म्हणाला, "आणि आजोबांना."

त्या वर्षी 1 नोव्हेंबरला सकाळीच दादांचा फोन आला. मला वाटले, तब्येतीचे काही. म्हणाले, "तुला नाही केला. विहीणबाईंना दे."

मी फोन दिला आणि स्वयंपाकघरात गेले. अर्धा तास बोलत होते.