पॉलिनेशियाची मूळ भाषा

प्रशांत महासागराच्या नकाशावर हवाई, न्यूझीलंड व ईस्टर बेट हीं तीन टोकें जोडलीं म्हणजे जो विस्तीर्ण त्रिकोण होतो, त्यास पॉलिनेशिया म्हणतात. तेथील व लगतच्या कांहीं बेटांवरील तीसांहून अधिक भाषा एकाच कुटुंबांतील आहेत. १७६९ सालीं कॅप्टन कुक न्यूझीलंडास पोहोंचला, तेव्हां त्याच्या जहाजावर रायातेआ बेटाचा तुपाइया नांवाचा पुरोहित होता. दोन हजारांहून अधिक मैल दूरच्या माओरी लोकांशीं तो सहज बोलूं लागला, हें पाहून सर्वांस विस्मय वाटला.

ह्या साम्याचें मूळ शोधावयाचें कसें? घराला टोंगा व सामोआ येथें 'फाले', ताहिती व माओरी भाषांत 'फारे', तर हवाईंत 'हाले' म्हणतात. अळकुडीला सामोआंत 'तालो', माओरींत 'तारो' व हवाईंत 'कालो' असें नांव आहे. म्हणजे सामोआंत जेथें 'ल', तेथें माओरींत 'र'. आणि जेथें 'त', तेथें हवाईंत 'क'. हा फेर यदृच्छेनें होत नाहीं. शब्दामागून शब्दांत तो नियमानें आढळतो. ह्या नियमांच्या आधारें मागें मागें जात भाषापंडितांनीं 'फाले', 'तालो' हीं मूळ रूपें निश्चित केलीं. तीं ज्या भाषेचीं, ती सुमारें अडीच हजार वर्षांपूर्वीं टोंगा-सामोआच्या परिसरांत बोलली जात असावी. तिचा एकही शिलालेख वा ग्रंथ नाहीं; तिच्या लेकींच्या मुखांतील शब्द हाच तिचा पुरावा.

हे शब्द इतिहासही सांगतात. मूळ भाषेंत 'निउ' म्हणजे नारळ व 'मोआ' म्हणजे कोंबडी. न्यूझीलंडच्या थंडींत नारळ रुजला नाहीं व माओरींबरोबर कोंबडीही तेथें पोहोंचली नाहीं. शब्द मात्र पोहोंचले! शकुन पाहण्याच्या काड्यांस माओरी 'निउ' म्हणूं लागले, आणि तेथील प्रचंड, पंखहीन व आतां नामशेष झालेल्या पक्ष्यास त्यांनीं 'मोआ' हें नांव दिलें. मागें टाकलेल्या उष्ण बेटांची स्मृति अशी भाषेंत उरली.

असे साक्षीदार जपावे लागतात. हवाईंत १८९६ च्या कायद्यानें शाळांतील शिक्षणाचें माध्यम इंग्रजी झालें, आणि पुढें घरांतूनही मातृभाषा ओसरली. उलट १९८२ सालीं न्यूझीलंडांत माओरी वृद्धांनीं लहान मुलांशीं केवळ स्वभाषेंत बोलावें, अशा बालशाळा निघाल्या. त्यांस 'भाषेचें घरटें' असें नांव मिळालें. त्यांच्याच धर्तीवर हवाईंतही १९८४ सालीं पहिली शाळा उघडली. पंडित मूळ रूपें कागदावर मांडूं शकतात. भाषा जिवंत ठेवण्याचें काम मात्र मुलांचेंच आहे.