जाळीवाला डिस्ट्रिब्युटर

पहाटे ५.३०
साताऱ्याहून निघालो, यवतेश्वरचा घाट चढेपर्यंत उजाडलं. रात्रीच बामणोलीच्या बोटवाल्या आबांचा फोन आला होता, "मिस्त्री, इंजान फिरतंय, पण धरत न्हाई." मे महिना आहे. पाऊस लागायच्या आत वासोटा उरकून घेणाऱ्यांची बामणोलीला रीघ असते. अशात बोट बंद पडली की आबांच्या घशाखाली घास उतरत नाही.

सकाळी ७.३०
उन्हाळ्यात शिवसागरचं पाणी खाली सरकतं. चिखल तुडवत बोटीपर्यंत गेलो. जुनं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, बोटीच्या पोटात बसवलेलं. आधी बॅटरीची वायर काढली, मग इंजिनावरची फळी उचलली. पेट्रोलचा उग्र वास आला. वारा खेळू दिला आणि तोवर चहा घेतला. आबा चुळबुळत होते, पण या कामात घाई करायची नाही.

गाडीवरचा मिस्त्री प्लग काढतो, बॉडीला टेकवतो आणि ठिणगी बघतो. बोटीच्या पोटात ही सवय जिवावर बेतते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड. गाडीखाली ती रस्त्यावर पडते नि वाऱ्यावर जाते. बोटीला खाली भोक नसतं, त्यामुळे ती तळाशी साचून राहते. हवेत जेमतेम दीड टक्का वाफ मिसळली तरी एक ठिणगी पुरते.

म्हणून मीटर लावला. कॉइल ठीक निघाली. डिस्ट्रिब्युटरची टोपी काढली, तर आतून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत केसाएवढी काळी रेघ उमटलेली. करंट प्लगकडे जायचा सोडून त्या रेघेवरून पळत होता. शाफ्टही बोटाने हलत होता. असा शाफ्ट असेल तर पॉइंटचा गॅप फिलर गेजने कितीही नेमका लावा, टिकत नाही.

हाच डिस्ट्रिब्युटर मी उलटा करून आबांना दाखवला. बुडाशी हवा जायला छोटं छिद्र, त्यावर चहाच्या गाळणीहून बारीक पितळी जाळी. डिस्ट्रिब्युटरच्या आत ठिणग्या सतत उडतातच. वाफ आत शिरून पेटलीच, तर बाहेर येताना जाळीत तिची धग विझते. १८१५ साली हंफ्री डेव्हीने खाणकामगारांच्या दिव्याभोवती तारेची जाळी लावली, ती याच हिशेबाने. गाडीच्या डिस्ट्रिब्युटरला छिद्र असतं, पण जाळी नसते. रस्त्यावर तिची गरजच नाही.

सकाळी १०.००
मुंबईच्या मरीन डीलरला नंबरप्लेटचा फोटो पाठवला. पूर्ण डिस्ट्रिब्युटर बाहेरून मागवावा लागेल, महिना तरी जाईल, आणि किंमत ऐकून आबा मटकन खाली बसले. "सांगलीत जीपचा मिळतोय म्हनं. निम्म्याच्या निम्म्यात." मी म्हटलं, पुराच्या बोटी तपासायला सांगलीला जायचंच आहे, बघून येतो.

दुपारी
साताऱ्याला उतरून कराड, पेठ नाका, आष्टा. महामार्गाच्या कामात पाऊण तास गेला.

दुपारी २.३०
दुकानदार ओळखीचा, माणूस भला. नवा कोरा डिस्ट्रिब्युटर त्याने काउंटरवर ठेवला आणि माझ्या जुन्याशेजारी लावून दाखवला. "बसतंय की ओ मिस्त्री! शाफ्ट बघा, सेम टू सेम."
बसत होता, हे खरं. मी तो उलटा केला. बुडाशी उघडं छिद्र.
"जाळी लावून घ्या की घरी," तो म्हणाला.
घरी लावलेली जाळी पेटती वाफ अडवेल, हे सांगणार कोण? मरीन पार्ट बंद पेटीत वाफ पेटवून तपासलेला असतो. त्यावर एसएई जे ११७१ किंवा आयएसओ ८८४६ असा शिक्का असतो. अमेरिकेत बोटीतल्या पेट्रोल इंजिनाजवळच्या विजेच्या पार्टना ही अट कायद्यानेच आहे. डिस्ट्रिब्युटर एकटा नाही, स्टार्टर आणि अल्टरनेटरही त्यात येतात. शिवाय गाडीच्या डिस्ट्रिब्युटरचं टायमिंग पुढे सरकतं ते रस्त्याच्या हिशेबाने. बोट तासन्तास एकाच लोडवर ओढते.

मात्र आपल्या भागात लेथवाल्यांची वाण नाही. जुन्याचं घर शाबूत होतं, जाळीही धड होती, झिजला होता फक्त बुश. लेथवर गनमेटलचा नवा बुश काढून बसवला आणि शाफ्ट डुलायचा थांबला. टोपी, रोटर, पॉइंट आणि कंडेन्सर तेवढे मरीन नंबरचे मागवायचे. टोपीची टोकं पितळेची असावीत, ॲल्युमिनियमची दमट हवेत पांढरी पडतात. हे सामान आठवड्यात येतं, असं डीलर म्हणाला.

दुपारी ४.३०
कृष्णाकाठी पुराच्या बोटींची तपासणी. इथली इंजिनं बोटीच्या मागे उघड्यावर टांगलेली, त्यामुळे वाफ साचायची भीती कमी. प्लगचा नंबर मात्र डोळ्यांत तेल घालून बघावा लागतो. एनजीकेच्या नंबरात आकडा मोठा तितका प्लग थंड. टू-स्ट्रोकला गरम प्लग घातला की पिस्टनला भोक पडायला वेळ लागत नाही. एका इंजिनात कुणीतरी मोटरसायकलचा प्लग घातला होता. तो काढून खिशात घातला, परत कुणी लावायला नको.

बंद करायच्या स्विचची दोरीही प्रत्येक इंजिनाला ओढून पाहिली. चालवणारा पाण्यात पडला तर ठिणगी तोडते ती हीच. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोका ४५. २०१९ला पाणी ५७ फुटांवर गेलं. त्याच पुरात ८ ऑगस्टला ब्रह्मनाळला बोट उलटून १७ जण गेले. तिथे माणसं जास्त चढली होती. इंजिन कितीही धड असलं, तरी बोटीत किती माणसं घ्यायची ते तेवढंच राहतं.

संध्याकाळी ७.००
आबांना फोन केला. "आठ दिवस बोट बांधून ठेवायची. टोपी आल्याशिवाय किल्ली फिरवायची नाही."
पलीकडून बराच वेळ आवाज नाही. मग, "येणाऱ्यांस्नी दुसऱ्याच्या बोटीत घालतो."

बामणोली-तापोळ्याला जाणाऱ्यांना एवढंच सांगणं: बोटीत पाय ठेवताच पेट्रोलचा वास आला, तर बसू नका. नावाड्याला इंजिनावरची फळी उघडायला लावा, वास पुरता जाऊ द्या. तो कुरकुरला तर दुसरी बोट बघा.