भांग रुंदावतो तेव्हा

‘टक्कल पुरुषांना पडते, बायकांचे केस नुसते गळतात.’ हा समज इतका खोल रुजलेला आहे की भांग रुंदावला, वेणी बोटभर उरली, तरी बाई वर्षानुवर्षे तेलच बदलत राहते. वास्तविक आनुवंशिक केसविरळता स्त्रियांनाही होते, फक्त तिची चाल वेगळी असते. पुरुषांचे कपाळ मागे सरकते. स्त्रियांमध्ये कपाळावरची केसांची रेषा बहुधा जागच्या जागी राहते आणि माथ्यावर, भांगाच्या दोन्ही बाजूंना केस बारीक होत विरळ होतात. जर्मन त्वचारोगतज्ज्ञ एरिख लुडविग यांनी १९७७ मध्ये याच्या तीन पायऱ्या मांडल्या. डॉक्टर त्या आजही वापरतात.

पण गळणारा प्रत्येक केस या विकाराचा नसतो. दिवसाला ५० ते १०० केस गळणे स्वाभाविक आहे. अचानक पुंजकेच्या पुंजके हातात येऊ लागले की आपण पाण्याला नाहीतर शाम्पूला दोष देतो. कारण मात्र बहुतेक वेळा दोन-तीन महिने मागे असते: डेंग्यू किंवा टायफॉइडचा ताप, मोठी शस्त्रक्रिया, उपाशी राहून घटवलेले वजन, बाळंतपण. अशा धक्क्याने वाढीच्या अवस्थेतले अनेक केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि ती संपली की एकदमच गळतात. बाळंतिणीने अळिवाचे लाडू कमी खाल्ले म्हणून हे झाले, असे तिला ऐकवणे अन्यायाचे आहे. मुळे जिवंत असतात आणि सहा महिने ते वर्षभरात बहुतेकींचे केस भरून येतात. अशा वेळी हेअर ट्रान्सप्लांटचा विचारही करू नये.

केस गळण्यामागे शरीरातली लोहाची कमतरताही असू शकते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणून केसांची तक्रार घेऊन आलेल्या बाईचे हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि थायरॉइड तपासणे हे पहिले काम. हिमोग्लोबिन ठीक असूनही शरीरातला लोहाचा साठा आटलेला असू शकतो, तो फेरिटिनवरून कळतो. पाळी अनियमित असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील, तर पीसीओएस या संप्रेरकांच्या विकाराचाही शोध घ्यावा लागतो.

‘केसांच्या गोळ्यांनी फायदा नाही झाला तरी तोटा नाही’ हे तर धोक्याचे आहे. २०२४ च्या अखेरीस बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात काही गावांत माणसांचे केस काही दिवसांतच गेले, बायामुलींचेही. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी केलेल्या तपासणीतून रेशनच्या गव्हातल्या अतिरिक्त सेलेनियमकडे बोट दाखवले गेले. केसांसाठी विकल्या जाणाऱ्या कितीतरी गोळ्यांमध्ये हेच सेलेनियम असते. बायोटिनच्या मोठ्या मात्रेने थायरॉइडच्या तपासणीचे आकडे चुकतात. कमतरता सिद्ध झाल्याशिवाय गोळी नको, असे माझे स्पष्ट मत आहे.

आनुवंशिक विरळतेवर मिनॉक्सिडिल हे टाळूवर लावायचे औषध सर्वांत जास्त वापरले जाते. सुरुवातीचे काही आठवडे केस अधिक गळतात, त्याला घाबरून अनेकजणी ते सोडून देतात. फरक दिसायला चार ते सहा महिने लागतात, आणि थांबवले की लाभही ओसरतो. गरोदरपणात आणि अंगावर पाजताना ते वापरू नये.

आता ट्रान्सप्लांट. त्यात नवे केस तयार होत नाहीत आणि दुसऱ्याचे केस लावता येत नाहीत. आपलेच केस मुळासकट डोक्याच्या मागच्या भागातून काढून पुढे रोवले जातात. न्यूयॉर्कच्या नॉर्मन ओरेन्ट्राइक यांनी १९५९ मध्ये दाखवून दिले की असा केस जागा बदलली तरी मूळ जागेचा गुण टिकवतो. स्त्रियांची अडचण नेमकी इथेच आहे. पुरुषांचा मागचा पट्टा सहसा दाट राहतो. अनेक स्त्रियांचे केस मागेही विरळ झालेले असतात, आणि तिथला दुबळा केस पुढे आणला तर तो पुढेही दुबळाच राहतो. म्हणून मागची टाळू भिंगाखाली न पाहता पॅकेज सांगणाऱ्या दवाखान्यातून उठून यावे.

मग लाभ कोणाला? मागचे केस दाट असलेल्यांना, भाजल्याचा किंवा जखमेचा व्रण असलेल्यांना, जन्मतःच कपाळ मोठे असलेल्यांना, आणि वर्षानुवर्षे घट्ट वेणी-आंबाड्याच्या ताणाने कानशिलांवरचे केस गमावलेल्यांना. शाळेसाठी मुलींच्या रिबिनीच्या दोन वेण्या करकचून बांधल्या जातात, त्यातूनही ही सुरुवात होते. वेळीच वेणी सैल केली तर केस परत येतात. मुळे मेल्यावर ट्रान्सप्लांटच उरते. पाळी थांबल्यानंतर कपाळाची रेषा मागे जात असेल आणि भुवयाही विरळ होत असतील, तर तो व्रण पाडणारा आजार असू शकतो. तो धगधगत असताना रोवलेले केसही तो गिळतो.

सगळे डोके भादरावे लागेल ही भीती बहुतेकींच्या बाबतीत खोटी आहे. मागचा छोटा पट्टा भादरला की लांब केसांखाली तो झाकला जातो. रोवलेले केस दोन ते चार आठवड्यांत गळतात, तीन-चार महिन्यांनी उगवू लागतात, पूर्ण परिणामाला वर्ष लागते. आसपासचे न रोवलेले केस विरळ होतच राहतात, त्यामुळे औषध चालू ठेवावे लागते. ही शस्त्रक्रिया तंत्रज्ञाच्या हाती सोपवू नये. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये ती प्रशिक्षित डॉक्टरांनीच करावी असे बजावले आहे. मागचे केस मुळासकट कोण काढणार आणि छेद कोण देणार, हे पैसे भरण्याआधी विचारून घ्यावे.